विस्मृत सुरांचे ऋण

विस्मरणात गेलेल्या वाद्यवृंदांचा शोध घेण्याची हौस जगभर वाढत आहे. मात्र त्या शोधाचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

झांबियाचे उदाहरण बोलके आहे. १९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात तांब्याच्या उत्पन्नावर सुबत्ता आली आणि तेथील तरुणांनी इलेक्ट्रिक गिटारी हाती घेतल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘विच’ या वाद्यवृंदाने आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. पुढे तांब्याचे भाव कोसळले, संचारबंदीमुळे रात्रीचे जलसे थांबले आणि एड्सने अनेक वादक हिरावून नेले. मिक जॅगरवरून ‘जगारी’ म्हणून ओळखले जाणारे गायक इमॅन्युएल चांडा रत्नांच्या खाणीत राबू लागले.

२०१२ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने या मुद्रिका संचरूपाने पुन्हा प्रसिद्ध केल्या. चांडा पुन्हा रंगमंचावर आले, २०२३ मध्ये नवी मुद्रिकाही निघाली. पण मूळ संचातील त्यांचे सहकारी ते पाहण्यास उरले नव्हते.

जुनी तबकडी संग्राहकांत चढ्या भावाने विकली जाते, तेव्हा कलावंताच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून कलावंत हयात असतानाच त्याचा शोध घेणे आणि त्याच्याशी रीतसर करार करणे, हेच खरे ऋणमोचन होय. एरवी ती केवळ हौस ठरते.