दमट हवामानातील कॅमेऱ्याची निगा : भिंगावरील बुरशीची कारणे व प्रतिबंध

सारांश :
कॅमेऱ्याच्या भिंगावर वाढणारी बुरशी ही कोकणपट्टीसारख्या दमट प्रदेशातील छायाचित्रकारांची नेहमीची अडचण आहे. प्रस्तुत लेखात बुरशीच्या वाढीची कारणे, तिचे भिंगावर होणारे परिणाम आणि अल्प खर्चात करता येण्याजोगे प्रतिबंधक उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भिंग, बुरशी, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, सिलिका जेल

प्रस्तावना :
मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. पुढील काळात छायाचित्रणकला शहरातील हौशी मंडळींकडून तालुक्याच्या गावातील स्टुडिओपर्यंत पोहोचली. आज मोबाईलमुळे प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असला, तरी विवाहसमारंभ, वृत्तपत्रे व संशोधन यांसाठी स्वतंत्र कॅमेरा आणि त्याची भिंगे वापरली जातात. ही साधने महाग असतात व अनेकदा ती कर्ज काढून घेतलेली असतात. त्यामुळे त्यांची निगा हा छायाचित्रकाराच्या उपजीविकेशी निगडित प्रश्न ठरतो.

कॅमेरा हातातून पडेल याची धास्ती सर्वांनाच असते. परंतु दमट प्रदेशात भिंगाची मोठी हानी कॅमेरा कपाटात बंद असताना होते. देवशयनी एकादशीपासून तुळशीविवाहापर्यंत विवाह सहसा होत नाहीत. लग्नसराई संपली की कॅमेरा पिशवीत जातो व पुढील कित्येक आठवडे तसाच राहतो. नेमका हाच काळ बुरशीस सर्वाधिक अनुकूल असतो.

उद्दिष्टे :
१) भिंगावर बुरशी वाढण्याची कारणे समजून घेणे.
२) बुरशीमुळे होणाऱ्या हानीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) साठवण व स्वच्छता यांच्या योग्य पद्धती मांडणे.

बुरशीची वाढ व परिणाम :
बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते रुजण्यास ओलावा, अंधार, कोंदट हवा आणि थोडेसे अन्न पुरेसे होते. बोटांच्या ठशांतील तेलकटपणा व धुळीतील सेंद्रिय कण हे त्यांचे अन्न होय. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशीचा धोका वाढतो. मुंबईत जुलै महिन्यात ती सरासरी ८० टक्क्यांहून अधिक असते.

उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. तो वाचविण्यासाठी भिंगावर अतिशय पातळ लेप दिलेला असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या अशा एकपदरी लेपाची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असते. बुरशी वाढताना आम्लधर्मी द्रव्ये स्रवते. त्यामुळे हा लेप व कालांतराने खालची काचही कोरली जाते. बुरशी पुसली तरी कोरलेली नक्षी तशीच राहते. प्रारंभी छायाचित्रात काहीच जाणवत नाही. पुढे प्रकाशाच्या दिशेने घेतलेली चित्रे धूसर व फिकी येऊ लागतात.

तापमानातील फरक व दव :
हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस व आर्द्रता ८० टक्के असताना दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित सभागृहात २२ अंशांपर्यंत थंड झालेला कॅमेरा अशा हवेत आणताच त्यावर पाणी साचते. हे टाळण्यासाठी सभागृहातच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा व बाहेरच्या तापमानाला आल्यानंतरच, साधारण अर्ध्या तासाने, उघडावा.

साठवण :
कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत दीर्घकाळ ठेवू नये, कारण अशी पिशवी ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा ठेवणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. ती फार कमी होणेही इष्ट नाही, कारण त्यामुळे रबर व वंगण सुकण्याचा संभव असतो. नारिंगी सिलिका जेल ओलावा शोषल्यावर हिरवे होते. ते भट्टीत सुमारे १२० अंशांवर तापविल्यास पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असते. म्हणून ते स्वयंपाकघरात तापवू नये.

जेलऐवजी तांदूळ वापरल्यास त्याची पीठूळ धूळ कॅमेऱ्यात शिरते. डांबरगोळ्या व कापूर यांची वाफही कॅमेऱ्यास अपायकारक असते. दीर्घकाळ वापर नसल्यास बॅटरी काढून ठेवावी. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवावा.

स्वच्छता :
भिंग पुसण्यापूर्वी रबरी ब्लोअरने धूळ उडवावी, नंतर मऊ ब्रश फिरवावा. धूळ असताना कापड फिरविल्यास वाळूचे कण लेपावर ओरखडे काढतात. ठसे काढण्यासाठी भिंगाकरिता असलेल्या द्रवाचा थेंब मायक्रोफायबर कापडावर घ्यावा. तो थेट भिंगावर टाकल्यास कडेने आत झिरपू शकतो. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसण्याची सवय टाळावी. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर कॅमेऱ्याचा बाह्यभाग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावा व लगेच कोरडा करावा.

बुरशी आढळल्यास :
कॅमेऱ्यावरून काढलेल्या भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरप्या कोनातून पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ते बाहेरच्या पृष्ठभागावर असल्यास वरील पद्धतीने पुसता येतात. आतील भागात असल्यास भिंग स्वतः न उघडता जाणकार कारागिराकडे न्यावे. तोपर्यंत ते इतर भिंगांपासून वेगळे व कोरडे ठेवावे. बुरशी मारण्यासाठी भिंग उन्हात ठेवणे धोक्याचे आहे. एकवटलेल्या किरणांनी आतील पडदा किंवा जवळची वस्तू जळू शकते.

निष्कर्ष :
१) भिंगावरील बुरशीचे मूळ कारण दमट हवेतील बंदिस्त व दुर्लक्षित साठवण हे आहे.
२) लेपाची हानी भरून येत नाही; म्हणून उपचारापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा ठरतो.
३) घट्ट डबा, सिलिका जेल व आर्द्रतामापक यांचा एकत्रित खर्च एका भिंगाच्या किमतीच्या तुलनेत अत्यल्प आहे.
४) लग्नसराई संपताच भिंगे स्वच्छ करून कोरड्या डब्यात ठेवली आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तपासली, तर पुढील हंगामात कॅमेरा निर्धोकपणे वापरता येतो.