परसबागेत धातकी

आसव-अरिष्टांच्या निर्मितीत धातकीपुष्पाचे स्थान सर्वपरिचित आहे. तथापि वाळलेली फुले पोत्याने विकत घेणाऱ्या किती औषधनिर्मात्यांनी तिचे सजीव झुडूप पाहिले असेल, याची शंकाच आहे. (चरकोक्त संधानीय महाकषायातही धातकी आहे, परंतु तेथील ‘संधान’ म्हणजे क्षत-भग्नाचे सांधणे, आसवाचे संधान निराळे.) बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या उतारांवर ही ‘धायटी’ शिशिराच्या अखेरीपासून वसंतापर्यंत लाल फुलांनी डवरते.

धातकीचा लाल पुष्पकोश फलधारणेनंतरही गळत नाही. फळ त्याच्याच आत पक्व होते. त्यामुळे फांद्या ओरबाडून केलेल्या संग्रहात पुढील पिढीचे बीजही जाते. शिवाय अंबाबरवा व ज्ञानगंगा अभयारण्यांतून वनस्पती विनापरवाना आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे. परसबागेतील चार झुडपांनी औषधनिर्माणशाळेची गरज भागणार नाही हे खरे. पण आलेला माल ताडून पाहण्यास खात्रीचा नमुना हाताशी राहतो.

बी अतिसूक्ष्म असते. ते मातीत न गाडता बारीक वाळूत मिसळून ओलसर पृष्ठभागावर पसरावे. रोपे पावसाळ्याच्या आरंभी, भरपूर उन्हात, दीड ते दोन मीटर अंतरावर लावावीत. पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. तेथे मुरूम मिसळून उंचवटा करावा. पानांच्या खालच्या बाजूस बारीक काळे ठिपके असतात, ही ओळखीची खूण. फुले सावलीत वाळवावीत. काही फांद्या मात्र बीजासाठी व शिंजीर पक्ष्यांसाठी राखाव्यात.