थालीपीठ, लाख आणि हृदयातला फुगा

‘स्टेंट बसवला नाही, औषध लावलेला फुगा वापरला, असं डॉक्टर म्हणाले. पण मनगटातून हृदयापर्यंत जाताना ते औषध रक्तात धुऊन जात नाही का?’ अँजिओप्लास्टी झालेल्या एका वाचकांनी हे विचारलं आहे. प्रश्न इतका नेमका आहे, की काही संशोधकांची अख्खी कारकीर्द त्यावर खर्ची पडली आहे.

उत्तर आहे, जातं. काही वाटेत जातं, आणि बरंचसं फुगा फुगवल्यावर प्रवाहाबरोबर निघून जातं. धमनीच्या भिंतीत पोचतं ते साधारण दहावा हिस्सा. आता मुळात औषध असतं किती? बऱ्याच फुग्यांवर दर चौरस मिलिमीटरला 3 मायक्रोग्रॅम. फुगवल्यावर 3 मिलिमीटर जाड आणि 20 मिलिमीटर लांब होणाऱ्या फुग्याचा हिशेब केला तर अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे साखरेच्या एका बारीक दाण्याच्या वजनाइतकं. त्याचा दहावा भाग पुरतो, हेच मला अजून नवल वाटतं.

औषध बहुधा पॅक्लिटॅक्सेल. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे जुळतात आणि सुटतात, त्यांना ते जुळलेल्या अवस्थेतच गोठवतं. त्यामुळे जखमी धमनीत पेशींची भाऊगर्दी होऊन ती पुन्हा बुजत नाही. (पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या या रेणूची रचना 1971 मध्ये मनरो वॉल यांच्यासह मनसुख वाणी यांनी प्रसिद्ध केली. वाणी जन्मले नंदुरबारला, शिकले मुंबई विद्यापीठात आणि काम केलं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात. 2020 मध्ये ते गेले. व्याख्यानात त्यांचं नाव घेतलं की बहुतेक श्रोते ‘कोण?’ असा चेहरा करतात, म्हणून मी ते मुद्दाम घेतो.)

अडचण अशी, की पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वाटेत धुऊन जाऊ नये यासाठी हे बरंच. पण मग मुक्कामाला पोचल्यावरही ते फुग्याला चिकटूनच बसतं. फुगा जेमतेम अर्धा ते एक मिनिट फुगवता येतो, कारण तेवढा वेळ हृदयाच्या त्या भागाचं रक्त अडलेलं असतं. तेवढ्यात औषधाने फुगा सोडून भिंत धरायला हवी.

थालीपीठ लावणाऱ्याला हे कोडं समजावून सांगावं लागत नाही. पोळपाटावरून उचलताना पीठ फडक्याला धरून राहिलं पाहिजे, आणि तव्यावर उलटं टाकताच फडकं अलगद सुटलं पाहिजे. कोरड्या फडक्यावर थापलं तर थालीपीठ तव्यावर जायला तयार नसतं. सगळी करामत फडक्यातल्या पाण्याची. फुग्यावरही औषधात असाच एक पाण्याशी मैत्री असलेला सोबती मिसळावा लागतो. तो रक्तातलं पाणी लेपात ओढून घेतो आणि औषधाची पकड सैल करतो. (हृदयाच्या धमनीत शिरलेले पहिले फुगे आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी झुरिकमधल्या आपल्या स्वयंपाकघरातच तयार केले होते. 1977 मधली गोष्ट. तेव्हा थालीपिठाची उपमा अगदीच आगाऊ नाही.)

हा सोबती सापडला तो आडवाटेने. जर्मनीतले ब्रूनो शेलर आणि उलरिच श्पेक यांनी पॅक्लिटॅक्सेल थेट ‘डाय’मध्ये मिसळून पाहिलं. डाय म्हणजे अँजिओग्राफीत एक्स-रेवर धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रावण. धमनीत औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलं तरच उपयोग, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. पण डुकरांच्या धमन्यांवर काही क्षणांच्या स्पर्शाचाही परिणाम दिसला. मग त्यांनी तेच मिश्रण फुग्यावर वाळवलं. 2006 मध्ये त्यांनी 52 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनी तपासलेल्यांपैकी साध्या फुग्याच्या गटात 23 पैकी 10 जणांची धमनी पुन्हा अरुंद झाली होती, औषधी फुग्याच्या गटात 22 पैकी एकाची.

त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापला सोबती शोधला. पायाच्या धमन्यांसाठीच्या एका नावाजलेल्या फुग्यावर आहे युरिया. हो, गोणीतून शेतात जातो तोच पदार्थ, आणि तसा तो आपल्या रक्तातही असतोच. दुसऱ्या एका युरोपीय फुग्यावर चक्क लाख. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे जी राळ तयार करतात, तिच्या बांगड्या होतात, सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, आणि तीच शुद्ध करून हृदयाच्या धमनीत जाते. माहितीपत्रकांत औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, लाखेचं बारीक. औषध तेच ठेवून सोबती बदलला की फुग्याचं वागणं बदलतं, हे मात्र तिथे ठळकपणे सांगितलेलं आढळत नाही.

‘शरीरात काहीही मागे राहत नाही’ ही जाहिरातही जपून वाचावी. धातू राहत नाही, हे खरं. औषध मात्र राहतं, तेच तर काम. पायातल्या अशा उपकरणांमुळे मृत्यू वाढतात की काय, अशी शंका 2018 च्या अखेरीस आली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावध केलं. अधिक माहिती जमल्यावर, 2023 मध्ये, त्याच प्रशासनाने असा वाढीव धोका दिसत नसल्याचं सांगितलं.

आता वाटेतल्या संरक्षणाबद्दल. फुगा नळीभोवती निऱ्या घालून गुंडाळलेला असतो. निऱ्यांच्या आतला लेप प्रवाहापासून बराचसा वाचतो. वर एक पातळ बाही चढवलेली असते, पण ती शरीराबाहेरच काढतात. मुक्कामापर्यंत राहील अशी बाही का नको? तशा कल्पना मांडल्या गेल्या आहेत. पण नळीवर आणखी एक नळी चढवली की जाडी वाढते, आणि जायचं असतं ते नेमकं चिंचोळ्या जागेतून. म्हणून आधी बहुधा साध्या फुग्याने वाट रुंद करतात, नाहीतर औषध तिथेच खरवडलं जायचं. साधा फुगा आत घालण्याआधी ओला करायची सवय इथे हाताला आवरावी लागते. पुसायचं नाही, बुडवायचं नाही, हातमोज्यानेही लेपाला शिवायचं नाही. बाही निघाली की घाई करायची. आणि आत गेलेला फुगा काही कारणाने न फुगवताच बाहेर काढावा लागला, तर नवा उघडायचा. जुना दिसायला तसाच असतो, पण त्यावर औषध किती उरलंय हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.