विमानाने जाणारी पेटी आणि आपली सही

कापडाच्या धंद्यात नमुने वेळेवर पोहोचले तर सौदा, नाहीतर वहीत नुसता खर्च. म्हणूनच दुबई-शारजाकडे जाणारे नमुने आम्ही जहाजाने न पाठवता विमानाने पाठवतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक पेटी बांधत असताना ओळखीचे एक गृहस्थ छोटे पुडके घेऊन आले. "भाई, भाच्यासाठी आहे, तुमच्या पेटीत जाऊ द्या," म्हणाले. जुना घरोबा, नाही म्हणणे जड गेले. आम्ही ते न उघडताच पेटीत घातले आणि माल फक्त कापडाचा आहे अशा कागदावर सही केली.

विमानतळावरील मालगोदामात एक्स-रेच्या पडद्यावर कापडाखेरीज काहीतरी दिसले. पेटी उघडली. आत घड्याळ आणि औषधाच्या बाटल्या होत्या. घातक काही नव्हते, परंतु कागदावर त्यांचा उल्लेखही नव्हता. पेटीचे विमान चुकले, एजंटाचा खर्च दुप्पट झाला आणि गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला. त्या वेळी आम्ही तपासणाऱ्यावर चिडलो होतो. पुढे विचारपूस केली, वाचन केले, तेव्हा कळले की चूक आमचीच होती. ही तपासणी कशी आली आणि ती कशी चालते, हे आपल्या बांधवांना सांगण्यासाठी हा लेख.

सामान आहे, माणूस नाही

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान कॅनडाहून लंडनमार्गे भारताकडे येत असताना आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने कोसळले. ३२९ माणसे गेली. बॉम्ब एका सुटकेसमध्ये होता. ती सुटकेस व्हँकुव्हरला एका प्रवाशाने दिली. त्याचे पुढचे तिकीट पक्के नव्हते, तरी सुटकेस थेट पुढच्या विमानात जावी असा त्याने हट्ट धरला. रांग मोठी होती, कर्मचाऱ्याने अखेर मान्य केले. सुटकेस गेली, तो माणूस विमानात बसलाच नाही. टोरांटोला सामान तपासण्याचे एक्स-रे यंत्र बिघडले, म्हणून उरलेले सामान हातातल्या साध्या यंत्राने तपासले गेले. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानाचा स्फोट होऊन दोन कामगार मेले.

२१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲम कंपनीचे विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११, असे २७० जण गेले. बॉम्ब रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये होता आणि त्याच्याभोवती कपडे भरले होते. जळालेल्या चिंध्यांत एका पँटच्या लेबलावरून तपास करणारे माल्टा बेटावरील कारखान्यापर्यंत आणि तेथून एका कपड्याच्या दुकानापर्यंत पोहोचले. आपल्या धंद्यातले एवढेसे लेबलसुद्धा किती दूरवर साक्ष देते, ते यावरून दिसते.

या दोन घटनांनंतर एक नियम जगभर घट्ट झाला: प्रवासी विमानात चढला नाही तर त्याचे सामान उतरवायचे. विमान उशिरा सुटते तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरो १९७८ मध्ये सुरू झाला, आणि कनिष्कच्या दुर्घटनेनंतर १ एप्रिल १९८७ पासून त्याला स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले.

मालाबरोबर कोण बसतो?

आता आपला प्रश्न. सुटकेसबरोबर प्रवासी असतो. आपल्या पेटीबरोबर कोणी बसत नाही. आणि आपला माल फक्त मालवाहू विमानानेच जातो असेही नाही. प्रवाशांच्या पायाखालच्या पोटातूनही पुष्कळ माल जातो.

ऑक्टोबर २०१० मध्ये याचाच फायदा घेण्याचा प्रयत्न झाला. येमेनची राजधानी सना येथून अमेरिकेतील शिकागोकडे दोन पार्सले निघाली. आत छपाईची यंत्रे म्हणजे प्रिंटर होते आणि त्यांच्या शाईच्या डब्यांत पी.ई.टी.एन. नावाची स्फोटक पूड भरली होती. एकात सुमारे ३०० ग्रॅम, दुसऱ्यात सुमारे ४०० ग्रॅम. एक पार्सल दुबईत आणि दुसरे इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर पकडले गेले. दुबईचे पार्सल तर काही अंतर प्रवासी विमानातून आले होते. इंग्लंडमध्ये पहिल्या तपासणीत काहीच सापडले नव्हते. सौदी अरबस्तानच्या गुप्तचरांनी नेमकी माहिती दिली म्हणून बॉम्ब हाती लागले. येमेनमधील अल् कायदाच्या शाखेने जबाबदारी घेतली.

यातून धडा हा की केवळ यंत्रावर विसंबता येत नाही. कापडवाल्याला हे चटकन समजेल. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि कापड, कागद, अन्न अशा वस्तू नारिंगी दिसतात. स्फोटकेही बहुधा नारिंगीच दिसतात! घट्ट गुंडाळलेले तागे एकावर एक रचले तर पडद्यावर गडद डाग दिसतो आणि आतले कळत नाही. मग पुसून घेतलेल्या फडक्यावर स्फोटकाचे कण शोधणारे यंत्र लावतात, कुत्रा आणतात किंवा पेटी उघडतात. तेव्हा पेटी उघडली की "आमचीच का?" असे वाटते खरे, परंतु पुष्कळदा कारण आपल्या बांधणीत असते. आणि कारण समजले नाही तर शांतपणे विचारावे. तो आपला हक्क आहे.

विश्वासाची साखळी

म्हणून जगाने यंत्राच्या जोडीला साखळी उभी केली. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा करून ऑगस्ट २०१० पासून प्रवासी विमानातील सर्व मालाची तपासणी सक्तीची केली. येमेनच्या घटनेनंतर युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या मालासाठी नियम कडक केले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०२१ च्या मध्यापासून मालवाहू विमानांतील मालालाही असेच बंधन लावले.

साखळी अशी. पहिली कडी 'परिचित मालधनी'. त्याची बांधणीची जागा, नोकर, कुलूप हे सर्व तपासून त्याला मान्यता दिलेली असते. दुसरी कडी मान्यताप्राप्त एजंट. तिसरी विमान कंपनी. प्रत्येक कडी पुढच्याला सांगते की माल माझ्या ताब्यात असताना कोणाचा हात लागला नाही. एखादी कडी तुटली, म्हणजे टेम्पो वाटेत उघडा राहिला किंवा सील फुटले, तर माल पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. आपल्यापैकी बहुतेक लहान व्यापारी परिचित मालधनी नाहीत. आपला माल तपासला जाणारच, त्याचा वेळ हिशेबात धरावा.

आपण काय करावे?

पेटी आपल्या किंवा भरवशाच्या माणसासमोर बांधावी आणि कोणी, केव्हा बांधली ते वहीत लिहावे. यादीत आहे तेवढेच आत असावे. शिवणयंत्राचा सुटा भाग, बॅटरी, अत्तराची कुपी असली तर ती स्पष्ट लिहावी. तागे फार घट्ट रचू नयेत. सील करून त्याचा क्रमांक चलनावर टाकावा. एजंट मान्यताप्राप्त आहे का ते विचारावे, स्वस्त दराला भुलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: आपले नाव, आपला आयात-निर्यात क्रमांक दुसऱ्याच्या मालासाठी उसना देऊ नये. पैसे उसने दिले तर बुडतील तेवढेच. नाव उसने दिले तर आपण न पाहिलेल्या वस्तूचा जबाब आपल्याला द्यावा लागतो.

व्हँकुव्हरला त्या कर्मचाऱ्याने रांग पाहून एका हट्टी माणसाचे ऐकले. आम्ही घरोबा पाहून ऐकले. आमच्या पुडक्यात घड्याळ निघाले, ही आमची हुशारी नव्हती. आता कोणी पुडके आणले तर आम्ही चहा पाजतो आणि हात जोडतो. माणूस रागावतो, आठ दिवसांनी राग जातो. कागदावर केलेली सही मात्र पेटीबरोबर विमानात चढते, आणि त्या विमानात दुसऱ्यांची मुलेबाळे बसलेली असतात.