बर्फाखालचा संदेश टिपणारा ड्रोन

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात, बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ, सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार त्यात अडकले. ४६ वाचले, ८ दगावले. वाचलेल्यांपैकी अनेकजण लोखंडी कंटेनरमध्ये होते. आतल्या हवेमुळे त्यांना तग धरता आला.

उघड्यावर गाडल्या गेलेल्या माणसाला एवढी सवड मिळत नाही. कोसळलेला बर्फ थांबताच घट्ट बसतो, बोट हलवणंही कठीण होतं. श्वासाच्या वाफेने तोंडाभोवती बर्फाचा थर धरतो आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत ओढला जातो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण तिसाच्या आसपास येतं.

म्हणून ड्रोन हवा. पायी बर्फ तुडवत शोधणाऱ्यांचा वेळ तो वाचवतो, शिवाय वरून दुसरा कडा सुटलाच तर त्याच्याखाली कुणी नसतं. पण ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावला की काम झालं, ही समजूत चुकीची आहे. बर्फ उष्णता अडवतो. थोड्याशा थराखालचं गरम शरीरही त्या कॅमेऱ्याला दिसत नाही.

बर्फातून सहज पार होतात त्या रेडिओलहरी. गिर्यारोहक आणि स्कीइंग करणारे अंगावर बांधतात ते बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतं. मात्र अंतर दुप्पट झालं की त्याचं चुंबकीय क्षेत्र आठपट क्षीण होतं, त्यामुळे ड्रोनला कमी उंचीवरून उडावं लागतं. त्यात त्याच्याच मोटारींचा विद्युतचुंबकीय गोंगाट! यावर उपाय म्हणजे अँटेना मोटारींपासून दूर, दांडीवर किंवा दोरीला टांगायची.

अंगावर बीकन नसेल, तर रडार उरतं. कोरड्या बर्फात त्याच्या लहरी खोल जातात, ओल्या बर्फात शोषल्या जातात. माणाला शेवटच्या बेपत्ता कामगारांसाठी अशी रडार आणि ड्रोनवरची शोधयंत्रणा आणावी लागली. आल्प्समध्ये हौसेने जाणारा स्वतःच्या पैशाने बीकन घेतो; हिमालयात पोटासाठी रस्ते मोकळे करणाऱ्याला ते हेल्मेटसोबतच मिळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

ड्रोनने जागा दाखवली की बर्फात लांब सळई खुपसून माणूस नेमका चाचपतात आणि फावडी चालू होतात. मीटरभर खोलीवरच्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. शोधात वाचलेली मिनिटं या उपशाला लागतात.