सेवेस गेलेल्या मुलांच्या भेटीस

मनुष्य परदेशी जातो तो बहुधा विद्येसाठी किंवा धनासाठी. अशा मुलांकडे आईबापांनी सवडीने जाऊन यावे, चार महिने राहून नातवंडे खेळवावी, ही आता शहरांतील घरांतून रूढ झालेली गोष्ट आहे. परंतु काही थोडी मुले निराळ्याच कारणासाठी देश सोडतात. कोठे युद्धाने, कोठे दुष्काळाने, कोठे साथीच्या रोगाने गांजलेल्या लोकांची शुश्रूषा करावयास ती आपण होऊन जातात. त्यांना मिळतो तो बहुधा निर्वाहापुरता भत्ता. अशा मुलांच्या भेटीस आईबापांनी जावे काय, आणि गेल्यास कसे जावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडास लागूनच आमचे मलकापूर वसले आहे. येथे वैद्यकीय महाविद्यालय व मोठे रुग्णालय असल्यामुळे पांढरा झगा घातलेली मुलेमुली रोज दृष्टीस पडतात. त्यांपैकी एखाद्या मुलीने उद्या घरी येऊन, ‘बाबा, मी दोन वर्षे आफ्रिकेत निर्वासितांच्या दवाखान्यात कामाला जाते,’ असे सांगितले, तर त्या घरात प्रथम आनंद होईल की धसका बसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

हा धसका नवा नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ते आपण बहुधा शौर्यकथा म्हणून ऐकतो, एका कुटुंबाची कथा म्हणून क्वचितच ऐकतो. १९३८ साली जपानच्या आक्रमणाखाली चीन होरपळत असता राष्ट्रसभेने तेथे एक वैद्यकीय पथक पाठविले. त्यात डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस असे पाच जण होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पथक चीनमध्ये पोहोचून काही महिने होतात न होतात, तोच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता. तरीही ते परतले नाहीत. १९३९ च्या आरंभी सहकाऱ्यांबरोबर येनानला गेले आणि पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करू लागले. चिनी भाषा शिकून त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवीत. १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी को छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणिसांचा अंत झाला.

आता या कथेकडे सोलापूरच्या घरातून पाहा. पित्यास पुत्राचे काम पाहता आले नाही. पुत्राच्या हयातीत मातेस सून पाहता आली नाही, की नातू मांडीवर घेता आला नाही. मध्ये युद्ध होते. तेथे जाण्यास सामान्य कुटुंबास वाटच नव्हती. पत्र हाच काय तो दुवा, आणि तेही पोहोचेल तेव्हा खरे. पुढे कित्येक वर्षांनी को छिंगलान भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या. म्हणजे भेट झाली. पण ज्याच्या निमित्ताने व्हावयाची तोच तीत नव्हता.

याच चित्राची दुसरी बाजू आपल्या मिरजेस दिसते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली येथे आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२८ पर्यंत ते चालविले. दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांतील डोळे आणि किती घरांतील प्राण त्या रुग्णालयाने वाचविले असतील! परंतु त्या काळी कॅनडाहून मिरजेस यावयाचे म्हणजे आगबोट व आगगाडी मिळून कित्येक आठवड्यांचा प्रवास. परक्यांची मुले आपल्या सेवेस आली तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या घरांचा विचार आपण फारसा केला नाही. आता आपली मुले जाऊ लागली आहेत, तेव्हा तो विचार आपल्या दाराशी आला आहे.

आज वाट खुली आहे. विमान एका दिवसात आफ्रिकेत नेऊन सोडते. म्हणूनच जावे की नाही, हा विवेक आपल्याकडे आला. पहिली गोष्ट ही की, प्रत्येक ठिकाणी जाता येतेच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत काही ठाणी अशी ठरविलेली असतात की तेथे कार्यकर्त्याने कुटुंब नेऊ नये. १९७१ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या व १९९९ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेची पथकेही अनेकदा प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असतात. अशा जागी आईबापांनी हट्ट धरणे म्हणजे मुलाला मदत करणाऱ्यांच्या शिरावर आणखी दोन जिवांचे ओझे ठेवणे होय. त्यापेक्षा मुलास रजा मिळेल तेव्हा जवळच्या एखाद्या सुरक्षित शहरी भेट ठरवावी. आणि जागा निर्भय असली, तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत जाऊ नये. नव्या भाषेत, नव्या माणसांत पाय रोवीत असलेल्या मुलास त्याच वेळी घरची ओढ लावणे हे रोप लावून दुसऱ्या दिवशी मूळ धरले काय ते उपटून पाहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. केनिया, युगांडा, दक्षिण सुदान अशा देशांत पीतज्वराचे भय आहे. त्याची लस सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते, आणि तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. म्हणून तिकिटाच्या आधी टोचणीचा विचार करावा. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. दाखल्यावाचून त्या देशांतून परतणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. परंतु साठी उलटलेल्यांना या लसीपासून क्वचित गंभीर अपाय होण्याचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. आईबाप बहुधा याच वयाचे असतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून टोचून घेऊ नये, आणि टोचून घेता येत नसल्यास त्या मुलखात जाण्याचा बेत पुन्हा तपासून पाहावा. हिवतापाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू करावयाच्या असतात व परत आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावयाच्या असतात. घरी आल्यावर काही आठवड्यांनी, किंबहुना काही महिन्यांनीही ताप आला, तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे पुरून उरतील इतकी आणि वैद्याच्या चिठ्ठीसह न्यावी. सेवा करणाऱ्या मुलाच्या दवाखान्यातील औषधे तेथील रोग्यांची आहेत. ती आपल्या हक्काची नव्हेत.

तिसरी गोष्ट वागणुकीची, आणि माझ्या मते हीच मुख्य. आपण मुलाच्या घरी जातो तेव्हा वडीलधारे म्हणून जातो; त्याच्या कामाच्या जागी मात्र आपण पाहुणे असतो. तेथे त्याचे वरिष्ठ असतात, सोबती असतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोगी असतात. खाटेवरील मनुष्य दरिद्री आहे म्हणून त्याच्याकडे टक लावून पाहण्याचा किंवा त्याचे छायाचित्र घेण्याचा अधिकार आपणास मिळत नाही. बोलाविल्यावाचून रुग्णांच्या खोल्यांत शिरू नये. लाडू-चिवडा न्यावयाचाच असेल, तर तो देश कोणते खाद्यपदार्थ आत येऊ देतो हे आधी विचारावे, आणि नेलेला डबा मुलाच्या सोबत्यांत वाटून टाकावा.

याहूनही अवघड म्हणजे जिभेवरचा ताबा. मूल वाळले आहे, खोलीत पंखा नाही, पाणी दुरून आणावे लागते, हे पाहून पोटात कालवणे स्वाभाविकच आहे. पण त्यावर ‘हे सर्व कशासाठी? चल परत,’ हे शब्द पहिल्याच दिवशी निघाले, की पुढची भेट व्यर्थ गेली असे समजावे. मग मूल आपल्यापासून अडचणी लपवू लागते. खरोखर आजारी पडले, खरोखर भ्याले, तरी घरी कळवीत नाही. आईबापांच्या काळजीचा असा उलटा परिणाम होतो. याउलट, ‘आजचा दिवस कसा गेला?’ एवढे विचारून जे स्वस्थ ऐकून घेतात, त्यांना मूल सर्व सांगते. केव्हा थांबावे हेदेखील त्यांच्यापाशी बसून ठरविते. सेवेस गेलेल्या मुलानेही कधी परतूच नये असा काही धर्म नाही. चीनला गेलेल्या पाचांपैकी चौघे परत आले आणि त्यांची सेवा त्यामुळे लटकी ठरली नाही. परंतु परतण्याचा विचार त्याच्या मनात पिकावा लागतो. तो आपण खुडावयाचा नसतो.

मग या भेटीचा उपयोग काय? माझे उत्तर असे की, आईबापांनी तेथे साक्षी म्हणून जावे. परमुलखात राबणाऱ्या मुलास संस्थेकडून भत्ता मिळतो, रोग्यांकडून दुवा मिळतो. पण आपण काय करतो हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले, हे समाधान मात्र दुसरे कोणी देऊ शकत नाही. सोलापूरच्या त्या घराला ते देण्याची संधी मिळाली नाही. आपणास मिळत असेल, तर आठ दिवसच जावे, पण नीट पाहून यावे. आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना तेथील गरिबीच्या कहाण्या सांगण्याऐवजी तेथील माणसांचे धैर्य आणि आपल्या मुलाचे काम सांगावे. त्यांच्याही घरातून उद्या एखादे मूल जाऊ म्हणेल, तेव्हा त्या आईबापांना आधार वाटेल तो आपल्या याच सांगण्याचा.