कार्टूनसमोर बसणारं मूल आणि एडीएचडी

"कार्टून लागलं की दोन तास जागचा हलत नाही, मग अभ्यासातच कसं लक्ष लागत नाही?" बालरुग्ण विभागात पालक हा प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे.

एडीएचडी (अवधानन्यूनता व अतिचंचलता) हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे. अशा मुलाला लक्ष देता येतं. पण ते हवं तिथं वळवणं, टिकवणं आणि काढून घेणं कठीण जातं. पंखा धडधाकट, पण रेग्युलेटर अडकलेला, तसं: एक तर पूर्ण वेगात, नाहीतर बंद. कार्टूनमध्ये क्षणाक्षणाला नवं घडतं, त्यामुळे लक्ष आपोआप धरलं जातं. गणिताच्या वहीवर ते मुलाला स्वतः धरून ठेवावं लागतं. म्हणून 'मनात आणलं तर करेल' हा निष्कर्ष चुकतो, आणि त्याची शिक्षा मुलाला भोगावी लागते.

प्रत्येक दंगेखोर मुलाला एडीएचडी नसतो, हेही खरं. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या कामात अडथळा आणणारी असावी लागतात. झोप, श्रवण, दृष्टीही तपासायला हवी. एडीएचडी असूनही वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी मात्र सहज नजरेतून सुटते. तिच्याविषयी शिक्षकांना आवर्जून विचारा.

मूल एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट (मेंदूतील डोपामिनचा प्रभाव वाढवणारं औषध) घेत असेल, तर भूक मंदावू शकते. दर भेटीला वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नोंदवा; शाळेतून डबा भरलेलाच परत येतो का, तेही आईवडिलांना विचारा.